प्लेगची साथ, सरकारी नियम आणि लोकांचा विश्वास

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत साथीच्या रोगावर लेख कशाला, असे कोणी विचारील. पण सार्वजनिक गणेशोत्सव आणि प्लेगची मोठी साथ ही दोन्ही एकाच काळातली, आणि दोहोंचा रंगमंचही पुणे-मुंबईच. लोकमान्य टिळकांनी १८९३-९४ मध्ये या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच प्लेग मुंबईच्या दारात येऊन ठेपला. उत्सवाच्या निमित्ताने जी मंडळी एकत्र येऊ लागली होती, त्याच मंडळींवर साथीच्या काळात एकमेकांची दारे बंद करून घेण्याची वेळ आली. तेव्हाची हकिगत आज पुन्हा वाचावीशी वाटते, कारण तसाच काळ आपणही जयपुरात राहून पाहिला आहे.

मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात आपल्या सवाई मानसिंह रुग्णालयात एका इटालियन पर्यटकाला कोरोना झाल्याचे निष्पन्न झाले. राजस्थानातला तो पहिला रुग्ण. २२ मार्चपासून राज्यात टाळेबंदी लागली. महिना संपायच्या आत परकोट्यातील रामगंजमध्ये संचारबंदी लागली आणि एरवी पाय ठेवायला जागा नसणारे रस्ते ओस पडले. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून एक नाव वारंवार वाचायला मिळे, ते म्हणजे ‘साथरोग कायदा, १८९७’. देशातील अनेक राज्यांनी याच कायद्याचा आधार घेऊन आदेश काढले. राजस्थानचा स्वतःचा १९५७ चा कायदा होता आणि २०२० मध्ये आपल्या राज्याने त्याजागी नवा कायदा केला. पण या सगळ्याचे मूळ १८९७ च्या कायद्यातच आहे, आणि तो कायदा आपल्या मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठीच जन्माला आला होता.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी अमलात आलेला हा कायदा अवघ्या चार कलमांचा. साथ आटोक्यात आणण्यासाठी सरकारने वाटेल ते नियम करावेत, ते मोडणाऱ्याला शिक्षा व्हावी, आणि सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येऊ नये, असा त्याचा सारांश. अधिकाऱ्याला काय करता येईल हे त्यात आहे. लोकांना काय सांगायचे, त्यांची तक्रार कोणी ऐकायची, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. पुढे जे घडले त्याचे बीज मला तरी या उणिवेत दिसते.

मुंबई : दवाखान्याची भीती

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचा रुग्ण तपासला आणि हा प्लेग आहे असे निदान केले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला. रोग्याला घरच्यांपासून वेगळे करायचे, गरज पडल्यास सक्तीने इस्पितळात न्यायचे, घर धुऊन काढायचे, अशी त्यातली कलमे. आजच्या आपल्या भाषेत सांगायचे तर विलगीकरण आणि निर्जंतुकीकरण. वैद्यकाच्या दृष्टीने यात अगदीच गैर काही नव्हते.

पण लोकांनी रोगी लपवायला सुरुवात केली. कोणी माळ्यावर, कोणी कपाटामागे, तर कोणी रातोरात गावी. याचे कारण अडाणीपणा, असे तेव्हाचे अनेक साहेब लिहून गेले. थोडा विचार केला तर कारण वेगळे दिसते. इस्पितळात जो जाई तो बहुधा परत येत नसे. लोक घाबरून रोग्याला अगदी शेवटच्या घटकेपर्यंत लपवत. मग सापडलेला रोगी इस्पितळात पोचेपर्यंत वाचण्यापलीकडे गेलेला असे. तो दगावला की वस्तीत बातमी जाई की बघा, आणखी एक गेला! त्यामुळे पुढचा रोगी आणखी घट्ट लपवला जाई. हे चक्र एकदा सुरू झाले की पोलिसांच्या दंडुक्याने ते थांबत नाही, उलट वेगाने फिरते.

त्यात अफवांची भर पडली. इस्पितळात माणसांना मारून त्यांच्या अंगातून औषध काढतात, अशी एक. त्याच महिन्यात मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासले गेले होते. त्या विटंबनेचा सूड म्हणून सरकार लोकांचे बळी घेते आहे, अशी दुसरी. आज आपल्याला हसू येईल. पण ज्या सरकारशी सामान्य माणसाचा संबंध फक्त शेतसारा आणि शिपाई यांच्यापुरता येत होता, त्या सरकारने एकाएकी ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणून घरात शिरावे, हे लोकांना पटावे तरी कसे?

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. (हेच आजचे कस्तुरबा रुग्णालय.) मोडतोड झाली, माणसांना मार बसला. दुसऱ्याच दिवशी स्नो साहेबांनी हुकूम सौम्य केला. ज्यांची घरी नीट वेगळी सोय होऊ शकते त्यांना सक्तीने हलवणार नाही, असे जाहीर झाले. शहराची स्वच्छता ज्यांच्या हातात होती ते सफाई कामगारच घाबरून मुंबई सोडून गेले तर काय, ही चिंताही त्यामागे होती. तरीही लोक जातच राहिले. साडेआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या मुंबईतून पुढच्या काही महिन्यांत साडेतीन लाखांहून अधिक माणसे बाहेर पडली आणि त्यांच्याबरोबर रोगही वाटेवरच्या गावांत उतरला.

पुणे : घरात शिरलेले बूट

पुण्याची कहाणी आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे, पण ती आपण क्रांतिकारकांची कथा म्हणून वाचतो. आरोग्याच्या अंगाने ती क्वचितच सांगितली जाते.

१८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेग पसरला. फेब्रुवारीत वॉल्टर चार्ल्स रँड हे अधिकारी पुण्यात आले आणि प्लेग कमिटीचे प्रमुख झाले. यापूर्वी साताऱ्याकडे असताना वाईत मिरवणुकीतील वाद्यांच्या प्रश्नावरून त्यांनी तिथल्या प्रतिष्ठित नागरिकांना तुरुंगात टाकले होते. ही कीर्ती पुण्याला माहीत होती. म्हणजे रँड यांनी पुण्यात पहिला नियम काढण्याच्या आधीच त्यांच्यावरचा विश्वास संपलेला होता.

१३ मार्चपासून घरझडतीला सुरुवात झाली. त्यासाठी सुमारे नऊशे अधिकारी व सैनिक लावले गेले. त्यांत गोऱ्या सोजिरांचा मोठा भरणा होता. त्यांना ना इथली भाषा येत होती, ना घराची रीत ठाऊक होती. बूट घालून देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरणे, सामानसुमान रस्त्यावर काढणे, अंथरुणे-कपडे जाळणे, स्त्रियांची परक्या पुरुषांनी तपासणी करणे, आणि रोग्याबरोबर त्याच्या घरच्यांनाही छावणीत नेणे, असे दोन महिन्यांहून अधिक चालले. १९ मे रोजी झडत्या थांबल्या. पुण्याच्या नागरिकांनी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्याकडे गाऱ्हाणी नेली, पण त्यांतून काही निष्पन्न झाले नाही.

एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. टिळकांचा विरोध विलगीकरणाला नव्हता. रोग्याला वेगळे ठेवले पाहिजे, इस्पितळात गेले पाहिजे, हे ‘केसरी’ सांगतच होता. शहर सोडून पळून गेलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीकाही केली. त्यांचा आक्षेप होता तो पद्धतीला. टीका करून ते थांबले नाहीत, तर स्वतः पुण्यात राहिले आणि हिंदूंसाठी वेगळे प्लेगचे इस्पितळ उघडण्यात त्यांनी पुढाकार घेतला. सरकारी इस्पितळाच्या नावाने थरथरणारे लोक तिथे यायला तयार झाले. रोग तोच, विलगीकरणही तेच. पण तिथे आपल्या माणसांची राबता होती, बोलणे कळत होते आणि आत काय चालते ते दिसत होते.

त्याच सुमारास हडपसरजवळ सासाने यांच्या मळ्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव प्लेगच्या रोग्यांवर उपचार करत होते. मुंढव्याच्या गायकवाडांचा आजारी मुलगा सावित्रीबाईंनी पाठीवर घालून दवाखान्यात आणला, ही हकिगत प्रसिद्ध आहे. तो मुलगा वाचला, असे सांगतात. सावित्रीबाईंना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले, म्हणजे रँड यांच्या झडत्या सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी. एकीकडे रोग्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणारी पासष्टी ओलांडलेली बाई, आणि दुसरीकडे रोग्याला शोधायला बंदूक घेऊन आलेला सोजीर. रोग्याला घराबाहेर काढून उपचाराच्या जागी नेणे हेच दोघांचे काम होते. आपल्या घरात आजारी माणूस असता तर आपण दार कोणाला उघडले असते?

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. २२ जून १८९७ रोजी राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच ठार झाले, रँड ३ जुलैला मरण पावले. चापेकर बंधू दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव व त्यांचे साथीदार महादेव रानडे फासावर गेले. टिळकांना ‘केसरी’तील लेखनाबद्दल राजद्रोहाच्या खटल्यात १४ सप्टेंबर १८९७ रोजी दीड वर्षाची शिक्षा झाली. आणि प्लेग? तो काही महिन्यांतच पुण्यात पुन्हा उसळला. एवढी सक्ती करून, एवढी मने दुखावून, रोग काही गेला नाही.

अफवा आणि सत्य

या प्रकरणात आपल्या बाजूचीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथे जाहीर आरोप केला की सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांपैकी एकीने जीव दिला. मोठी खळबळ उडाली. परत आल्यावर पुरावा मिळेना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगून त्यांना संकटात टाकणेही गोखल्यांना मान्य नव्हते. शेवटी त्यांनी जाहीर माफी मागितली. त्यासाठी त्यांना स्वकीयांकडून खूप टीका सोसावी लागली.

मला यात दोन बाजू दिसतात. ज्या कारभारात तक्रार नोंदवायला जागा नसते, तिथे खरी तक्रार आणि ऐकीव गोष्ट यांची सरमिसळ होते आणि मग खऱ्या तक्रारीचेही वजन जाते. दुसरी बाजू अशी की, विश्वास टिकवण्याची जबाबदारी राज्यकर्त्यांइतकीच बोलणाऱ्यावर आणि लिहिणाऱ्यावरही असते. २०२० मध्ये मोबाईलवर आलेला प्रत्येक संदेश पुढे ढकलणाऱ्या आपल्या पिढीला हे वेगळे सांगायला नको.

सरकार शिकले, पण उशिरा

मुंबईत सक्ती पुन्हा सुरू झाली होती. ९ मार्च १८९८ रोजी एका मुसलमान विणकराच्या घरातील आजारी मुलीला तपासण्यावरून जमाव जमला, दंगल पेटली, गोळीबार झाला आणि दोन्ही बाजूंची माणसे मेली. त्यानंतर मात्र सरकारचे धोरण हळूहळू बदलत गेले. लष्करी थाटाची झडती मागे पडली. वेगवेगळ्या जातीजमातींना आपापली इस्पितळे चालवू देण्यावर भर आला. वस्तीतील वजनदार माणसांना बरोबर घेऊन मगच दार ठोठवावे, अशी रीत आली. साम्राज्याच्या अधिकाऱ्यांना एकाएकी मायेचा उमाळा आला असे नव्हे. सक्तीने रोगी सापडत नाहीत, उलट लपतात, हा हिशेब त्यांना कळला होता.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत देशभरात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली. तेव्हा ही शहाणीव थोडी आधी आली असती तर किती घरे वाचली असती, असा विचार मनात येतोच.

लस आणि एक बाटली

याच काळात मुंबईत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगवरील लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परक्या देशातून आलेल्या माणसाला ‘आधी माझ्यावर’ हे दाखवावे लागेल याची जाण होती, ही मोठीच गोष्ट. खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान तेव्हा जेमतेम विशीचे होते. त्यांनी आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली, आणि एकदाच नव्हे तर पुन्हा पुन्हा. लोक पुढे आले. एका धर्मगुरूच्या उघड्या दंडाने जे काम केले ते शंभर जाहीरनाम्यांनी झाले नसते.

पण विश्वास मिळवायला वर्षे लागतात आणि घालवायला एक दिवस पुरतो. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. खापर हाफकिन यांच्यावर फुटले आणि त्यांना कामावरून दूर केले गेले. पुढे पुरावा तपासता दोष मुंबईच्या प्रयोगशाळेचा नसून गावात ती बाटली उघडताना झाला असल्याचे दिसून आले. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आवाज उठवला आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. तोपर्यंत पाच वर्षे गेली होती आणि त्या पाच वर्षांत पंजाबात प्लेगने थैमान घातले. चूक झाली तर ती लगेच आणि उघडपणे तपासून सांगितली नाही, तर लोक सगळ्याच बाटल्यांना भिऊ लागतात, हा यातला धडा. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव दिले गेले, हे त्यातल्या त्यात समाधान.

माळावरच्या झोपड्या

लोक कोणताच नियम पाळत नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. माझी आजी ‘पलेग’च्या गोष्टी सांगे. उंदीर पडू लागले की गाव उठायचा. भांडीकुंडी, गुरे-वासरे घेऊन सगळे शेतात नाहीतर माळावर झोपड्या बांधून राहायचे आणि साथ ओसरेपर्यंत गावात पाऊल टाकायचे नाहीत. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत अशा आठवणी ऐकायला मिळतात.

आता गंमत पाहा. १८९७ मध्ये प्लेग नेमका कसा पसरतो हे सरकारी डॉक्टरांनाही माहीत नव्हते. जमिनी धुणे, भिंतींना चुना मारणे, कपडे जाळणे यावर सगळा जोर होता. उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे तो पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे उंदीर मेले की घर सोडायचे, ही रीत शास्त्राच्या कसोटीवर सरकारी झडतीपेक्षा सरस ठरली! घरदार सोडून थंडीवाऱ्यात राहणे हा काही सोपा नियम नव्हे. तरी लोकांनी तो पाळला. कारण मेलेला उंदीर त्यांच्या डोळ्यांसमोर होता, निर्णय गावाचा होता, आणि पाटील-कुलकर्ण्यांपासून सगळेच माळावर होते. नियम कडक असला तरी चालतो. तो सर्वांना सारखा लागू आहे आणि त्याचे कारण आपल्याला कळले आहे, एवढे माणसाला हवे असते.

सव्वाशे वर्षांनंतर

आता पुन्हा २०२० कडे येऊ. १ एप्रिल २०२० रोजी इंदूरच्या टाटपट्टी बाखल भागात तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. पथकात दोन महिला डॉक्टर होत्या. होळकरांच्या त्या शहरात आर्थर रोडचीच पुनरावृत्ती झाली म्हणायची. पण पुढचा भाग वेगळा आहे. त्याच डॉक्टर लगेच पुन्हा त्याच वस्तीत कामाला गेल्या, आणि तिथल्या रहिवाशांच्या वतीने वर्तमानपत्रातून क्षमा मागितली गेली. त्याच महिन्यात केंद्र सरकारने वटहुकूम काढून १८९७ च्या कायद्यात दुरुस्ती केली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी कडक शिक्षा ठरवली. ते आवश्यकच होते. पण वस्तीचे मन वळले त्याचे श्रेय मी परत आलेल्या त्या डॉक्टरांना अधिक देईन.

त्याच दिवशी मुंबईत धारावीत पहिला कोरोनाचा रुग्ण सापडला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ-दहा लाखांची वस्ती, एकेका खोलीत आठ-दहा माणसे, शौचालये सार्वजनिक. घरी वेगळे राहणे शक्यच नव्हते. म्हणजे माणसांना घरातून उचलून शाळांत, क्रीडा संकुलात नेऊन ठेवणे भाग होते. नियम म्हणून पाहिले तर हे रँड यांच्या छावणीपेक्षा फारसे वेगळे नाही. पण महानगरपालिकेने धारावीतच वर्षानुवर्षे दवाखाना चालवणाऱ्या खासगी डॉक्टरांना बरोबर घेतले आणि ते घरोघर तपासणीला गेले. ताप आला की ज्यांच्याकडे आपण जातो तेच डॉक्टर दारात उभे, मग लपवायचे कशाला? नेलेल्या माणसांच्या जेवणाची आणि औषधपाण्याची सोय होती, आणि बरी होऊन परत आलेली माणसे शेजाऱ्यांना दिसत होती. इस्पितळातून माणूस परत येतो, हे पाहिल्यावर १८९६ चे ते चक्र उलटे फिरले. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे उदाहरण जगाला सांगितले.

आपल्या राजस्थानात भिलवाड्याचे नाव झाले. तिथे मार्च २०२० मध्ये एका खासगी रुग्णालयातील डॉक्टर व कर्मचाऱ्यांनाच लागण झाली होती. जिल्ह्याच्या सीमा बंद झाल्या, कडक संचारबंदी लागली. वर्तमानपत्रांत कडकपणाचीच चर्चा अधिक झाली. पण त्याबरोबर गावोगाव घरटी सर्वेक्षण झाले आणि त्यात आशा कार्यकर्त्या, अंगणवाडीच्या बाया, गावातलेच कर्मचारी होते. राजस्थानी घरातल्या घुंघटातल्या सुनेला तापाबद्दल विचारायचे तर विचारणारी तिच्या ओळखीचीच हवी. पुण्यातल्या रँडशाहीला हे सुचले नव्हते.

लसीकरणातही तेच. १ मार्च २०२१ रोजी पंतप्रधानांनी दिल्लीत लस टोचून घेतली त्याचे छायाचित्र सगळीकडे झळकले, त्याचा उपयोग झालाच. पण जयपूरच्या कॉलन्यांतून फिरताना मला जे ऐकू आले ते असे की, ‘शर्माजींनी घेतली, त्यांना काही झाले नाही, आता आम्हीही जाऊ.’ शेवटी माणूस शेजाऱ्याकडे पाहतो.

टाळेबंदीत सगळे आदर्शच झाले असा माझा दावा नाही. हातावर पोट असलेल्यांचे जे हाल झाले ते आपण सर्वांनी महामार्गांवर पाहिले आहेत. ज्याच्या घरी संध्याकाळचे पीठ नाही त्याला ‘घरी बसा’ हा नियम पाळता येत नाही, मग त्याचा सरकारवर कितीही विश्वास असो. विश्वासाला पोटाचा आधार लागतो. १८९७ मध्येही जाळलेल्या अंथरुणाची भरपाई मिळेल की नाही, हा गरिबाचा पहिला प्रश्न होता.

आपल्या मंडळाचे काम

या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध? मला वाटते, फार जवळचा आहे. २०२० मध्ये मुंबईच्या लालबागच्या राजाच्या मंडळाने नेहमीची मूर्ती न बसवता ‘आरोग्योत्सव’ केला, रक्तदान आणि प्लाझ्मादानाची शिबिरे घेतली. तो नियम भक्तांवर सरकारने बाहेरून लादला असता तर केवढा गदारोळ झाला असता! मंडळानेच ठरवले म्हणून लोकांनी मानले.

जयपुरात आपण मराठी माणसे विखुरलेली आहोत. कोणी मालवीय नगरला, कोणी मानसरोवरला, कोणी वैशाली नगरला. कोणी तीन पिढ्यांपूर्वी आले, कोणी गेल्या वर्षी बदलीवर. संकटाच्या वेळी सरकारी पथक आपल्या दारात येईल तेव्हा ते आपल्याला अनोळखीच असणार. पण वर्गणीला दरवर्षी येणारा कार्यकर्ता आपल्या ओळखीचा असतो. कोणत्या घरात आजी-आजोबा एकटे राहतात, कोणाची मुले परदेशी आहेत, कोणाला मधुमेह आहे, कोणाच्या घरी डॉक्टर आहे, हे त्याला ठाऊक असते. हीच ती ओळख, जी १८९७ च्या पुण्यात सरकारजवळ नव्हती.

म्हणून कार्यकारिणीला एक नम्र सूचना करतो. वर्गणीच्या पावतीपुस्तकाबरोबर एक साधी वही ठेवावी. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची, आपल्यातील डॉक्टर-परिचारिकांची आणि अडीअडचणीला धावून येऊ शकणाऱ्या तरुणांची नावे तीत असावीत. दरवर्षी उत्सवाच्या आधी ती तपासून घ्यावी आणि लोकांची माहिती लोकांच्याच कामासाठी वापरली जाईल याची खात्री द्यावी. पुढची साथ केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही. पण ती आली की कोणता नियम पाळायचा आणि कोणती अफवा सोडून द्यायची, हे आपल्या घरी येऊन सांगणारे माणूस आपले असले पाहिजे, आणि तसे माणूस साथ आल्यावर शोधून सापडत नाही. ते आधीपासून जोडलेले असावे लागते.

सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तो माणसे जोडण्यासाठीच. ते काम आपल्या हातून नीट होवो, हीच विघ्नहर्त्याच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!